पाखंडी आणि मांत्रिक

नागपूर नगरीत दरवर्षी सुमारे चाळीस दिवसांच्या अंतराने दोन प्रचंड जनसमुदाय रस्त्यावर लोटतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इतवारीच्या परिसरातून वाजतगाजत निघते. गावातली रोगराई, इडापिडा, जादूटोणा हे सारे मारबतीने आपल्याबरोबर घेऊन जावे म्हणून तिला हाक घातली जाते आणि शेवटी तिचे दहन होते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, तर पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. पुढे विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिल्या समुदायाच्या मुळाशी अनिष्टाला हाकेने व अग्नीने हाकलता येते हा प्राचीन विश्वास आहे. दुसऱ्याच्या मुळाशी कर्मकांडावरचा तो सारा विश्वासच नाकारण्याचा निर्धार आहे.

जादू आणि पाखंड ही मानवी संस्कृतीतील दोन अतिशय जुनी बळे होत. रूढ धर्मसत्तेच्या कक्षेबाहेर ती दोन्ही वावरतात, म्हणून सामान्य माणूस त्यांना एकाच मापाने मोजतो. वस्तुतः त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाखंडी मनुष्य प्रस्थापित श्रद्धेला उघडपणे आव्हान देतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो. मांत्रिक मनुष्य त्याच श्रद्धेच्या आडोशाला उभा राहून आपला व्यवहार करतो आणि त्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो. असे असता, समाजाने छळले कोणाला आणि पूजिले कोणाला, याचा हिशेब मांडला तर तो मोठा विपरीत दिसतो. विदर्भाचा इतिहास आणि वर्तमान या हिशेबाची ठळक उदाहरणे पुरवितो.

एका शब्दाची अधोगती

‘पाखंड’ हा शब्द संस्कृत ‘पाषंड’ या शब्दापासून आला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत तो ‘पासंड’ या रूपाने येतो आणि तेथे त्याला निंदेचा लवलेशही नाही. पासंड म्हणजे पंथ, संप्रदाय. बाराव्या शिलालेखात अशोक सर्व पासंडांचा आदर करावा, आपल्या पंथाची अवास्तव स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा टाळावी, असे सांगतो. नवव्या शिलालेखात मात्र हाच सहिष्णु राजा आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक जी नाना मंगलकर्मे करतात त्यांना क्षुद्र व निरर्थक ठरवतो आणि दास-सेवकांशी सद्वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम यांनाच खरे मंगल म्हणतो. या नवव्या लेखाचा एक तुकडा महाराष्ट्रातच, सोपाऱ्याजवळ, १९५६ मध्ये उजेडात आला. नागपूरच्या धम्मदीक्षेचेही तेच वर्ष असावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी या देशातील एका राज्यकर्त्याला मतभेद आणि जादूटोणा यांतील फरक स्वच्छ कळला होता. मतांविषयी औदार्य आणि निरर्थक विधींविषयी परखडपणा ही त्याची दुहेरी नीती होती. पुढच्या काळात ती उलटली. ‘पाषंड’ हा शब्द वेदबाह्यांची शिवी बनला, पाखंडी म्हणजे ढोंगी, धर्मबुडवा असा अर्थ रूढ झाला आणि क्षुद्र मंगलकर्मांचे मात्र शास्त्र झाले. शब्दांची अधोगती ही बहुधा समाजाच्या अधोगतीची नोंद असते.

रिद्धपूरचा धडा

मराठी भाषेत याहूनही बोलके दुसरे उदाहरण आहे. ‘मानभावी’ हा शब्द आज आपण सहज वापरतो. वरकरणी साधा आणि आतून कावेबाज, असा त्याचा अर्थ. हा शब्द महानुभाव पंथाच्या नावावरून आला. ज्या पंथाने मराठीला तिचा आद्य गद्यग्रंथ दिला, स्त्रीशूद्रांना संन्यासाचा व मोक्षाचा अधिकार दिला, अहिंसा हे आचरणाचे सूत्र मानले, त्याच्या नावाचे मराठी भाषिकांनी दांभिकतेच्या पर्यायात रूपांतर करावे, यापरते पाखंड्याच्या नशिबाचे दुसरे कोणते प्रमाण हवे?

तेराव्या शतकात, यादवांच्या राजवटीत, चक्रधर स्वामींनी हा पंथ स्थापिला. त्यांचे गुरू गोविंदप्रभू अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वस्तीत ते निःसंकोच वावरत आणि गावाच्या मर्यादांची तमा न बाळगता आपल्याच तंद्रीत राहत. चक्रधरांनी जातिभेद, स्पृश्यास्पृश्यता व विटाळ यांना थारा दिला नाही आणि उपदेशासाठी लोकांची मराठी भाषा स्वीकारली. म्हाइंभटाने संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त त्यांच्या आठवणी जतन झाल्या. महानुभाव परंपरेच्या सांगण्यानुसार पैठणच्या सभेत चक्रधरांचा न्याय झाला, त्यांना देहदंड भोगावा लागला आणि या विरोधाच्या अग्रभागी यादवांचा करणाधिप हेमाद्री होता. व्रते, दाने व प्रायश्चित्ते यांचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा महाकोश रचणारा हा पंडित आणि सर्व व्रतवैकल्ये मोक्षाला निरुपयोगी मानणारा हा संन्यासी, यांचा संघर्ष अटळच होता.

या पंथाची जादूविषयीची भूमिका मुळातून समजून घेण्याजोगी आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार अनादि पदार्थ महानुभाव तत्त्वज्ञान मानते. देवतांची संख्या एक्क्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा अशी मोजलेली. या देवता अस्तित्वात नाहीत असे चक्रधर म्हणत नाहीत. त्या आहेत, त्या आपापल्या सामर्थ्याप्रमाणे फळही देतात. परंतु ते फळ नाशवंत असते आणि मुक्ती देण्याचे सामर्थ्य परमेश्वराखेरीज कोणातही नाही. मंत्र, तंत्र, नवस, क्षेत्रदेवता, ग्रामदेवता या सर्वांचे दुकान एकाच वाक्याने निरुपयोगी करून टाकणारा हा विचार होता. देवतांना खोटे म्हणणाऱ्यापेक्षा त्यांना खऱ्या पण क्षुद्र म्हणणारा माणूस पुरोहिताला अधिक जड जातो, कारण त्याच्याशी अस्तित्वाचा वाद घालता येत नाही.

पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. त्यामुळे ग्रंथ टिकले, पण शतकानुशतके ते इतरांना वाचता आले नाहीत आणि ज्याचे वाचता येत नाही त्याविषयी लोक वाटेल ते बोलू लागले. विसाव्या शतकात लिप्यांचा उलगडा झाल्यावर ह. ना. नेने, य. खु. देशपांडे आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले वि. भि. कोलते यांच्यासारख्या विदर्भातील संशोधकांनी हे भांडार मराठी वाचकांसमोर आणले. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. ज्या गावच्या ‘वेड्या’चा शिष्य पाखंडी ठरला, त्या गावाला भाषेचे पीठ मानण्यास सातशे वर्षे लागली.

या गौरवाला दुसरीही एक बाजू आहे. देवतांच्या फळांना तुच्छ लेखणाऱ्या याच पंथाच्या काही स्थानांवर पुढे भूतबाधा झालेल्यांना बरे करण्यासाठी आणण्याची प्रथा पडली. संस्थापकाने जे दार लावले ते भक्तांच्या दुःखाने पुन्हा उघडले. यात केवळ भक्तांचा दोष काढून भागणार नाही. ज्या समाजात मनोविकाराला दुसरा वैद्य नव्हता, तेथे लोक जाणार तरी कोठे?

चमत्कार हा दंड

पाखंड्याला समाज कायमचा शत्रू मानीत नाही. काही काळाने तो त्याला स्वीकारतो, परंतु त्यासाठी एक दंड वसूल करतो. तो दंड म्हणजे चमत्कार. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेल्या भावंडांना आपण भिंत चालविल्याच्या कथेतून ओळखतो. ज्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या त्या तुकोबांना आपण वह्या तरल्याच्या कथेतून ओळखतो. त्यांनी काय नाकारले, कोणाला दुखविले, हे सांगण्यापेक्षा त्यांनी कोणता अद्भुत प्रकार केला, हे सांगणे निर्धोक असते. पाखंडाला चमत्काराची शाल पांघरली की त्याची धार बोथट होते आणि त्याच शालीखाली पुढे एखादा मांत्रिकही येऊन बसतो.

हा दंड नाकारणारे थोडेच. बुद्धाने ऋद्धिसिद्धींच्या प्रदर्शनाला निषिद्ध मानले आणि उपदेशाने माणसाचे मन पालटणे हाच श्रेष्ठ चमत्कार होय, असे केवट्ट सुत्तात सांगितले. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन देवाला बळी देणाऱ्यांना, नवस बोलणाऱ्यांना कीर्तनातून प्रश्न विचारले आणि पाया पडू पाहणाऱ्यांना दूर सारले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’त गावाचे आरोग्य, स्वच्छता आणि उद्योग यांनाच धर्माचे स्थान दिले. या परंपरेचे सर्वांत परखड रूप १९५६ मध्ये नागपुरात प्रकटले.

बावीस प्रतिज्ञा या केवळ धर्मांतराच्या अटी नव्हत्या. जुन्या देवतांची उपासना न करणे, बुद्धाला विष्णूचा अवतार न मानणे, श्राद्ध व पिंडदान न करणे, या प्रतिज्ञांनी परलोकाशी असलेला देवघेवीचा व्यवहारच संपुष्टात आणला. बाबासाहेबांचे पाखंड तेथेही थांबले नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण असावी काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि त्यामुळे परंपरानिष्ठ बौद्धांनाही ते पाखंडी वाटले. जुना धर्म सोडताना आणि नवा स्वीकारतानाही विवेक गहाण न टाकणारा असा पाखंडी विरळाच.

अशा पाखंडाची किंमत आजही संपलेली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत याच बावीस प्रतिज्ञांचे सामूहिक वाचन झालेल्या समारंभाला उपस्थित राहिल्यावरून तेथील एका मंत्र्याला पदत्याग करावा लागला. प्रतिज्ञा देऊन सहासष्ट वर्षे लोटली होती आणि त्यांत कोणाला इजा करण्याचा शब्दही नव्हता.

पुतळ्याऐवजी माणूस

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका दलित कुटुंबातील वृद्धांसह सातजणांना खांबांना बांधून मारहाण झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रत्यक्ष नागपूर शहरात बाहेरची बाधा घालविण्याच्या नावाखाली एका बालिकेला तिच्याच घरात इतके मारण्यात आले की तिचा अंत झाला. १ मे २०२४ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे एक स्त्री व एक पुरुष यांना जादूटोणा करतात या संशयाने जिवंत जाळण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातील रेट्याखेडा येथे सत्त्याहत्तर वर्षांच्या वृद्धेची विटंबना करून धिंड काढण्यात आली.

मारबतीच्या मिरवणुकीशी या घटनांची तुलना केली म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. मूळ कल्पना एकच आहे. गावावर आलेले अरिष्ट कोणाच्या तरी अंगावर घालावे आणि त्याला गावाबाहेर घालवावे. नागपूरने ते अरिष्ट कागद, बांबू आणि कापड यांच्या पुतळ्यावर घातले. पुढे त्या पुतळ्याबरोबर बडगे आले आणि महागाई, भ्रष्टाचार, लाचखोरी, राज्यकर्त्यांची मनमानी यांवर त्यांतून टीका होऊ लागली. जादूचे रूपांतर उपहासात झाले, भयाचे रूपांतर हास्यात झाले आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. संस्कृती म्हणजे याहून वेगळे काय? उलट ज्या गावांत हे रूपांतर घडले नाही, तेथे पुतळ्याची जागा शेजारच्या घरातील म्हातारी घेते.

तेथे हे का घडते याचे उत्तर ‘अडाणीपणा’ एवढ्या एका शब्दाने देणे हा शहरी आळस आहे. मूल अचानक दगावते, कारण कोणी सांगत नाही. डॉक्टर दूर असतो, रस्ता पावसाळ्यात बंद असतो. अशा वेळी ‘कोणी केले?’ हा प्रश्न ‘कशाने झाले?’ या प्रश्नाची जागा घेतो. मांत्रिक त्याचे उत्तर तत्काळ देतो. जुने वैर, जमिनीचा तंटा, एकट्या स्त्रीचे घर, यांतून नाव निश्चित व्हायला वेळ लागत नाही. मेळघाटात तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा भुमकांच्या हातून चालत आली आहे. तेथे भुमकांनाच विश्वासात घेऊन त्यांच्यामार्फत रुग्ण दवाखान्यात आणविण्याचा प्रयत्न झाला, तो याच कारणास्तव शहाणपणाचा म्हणावा लागेल. ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे त्याला केवळ गुन्हेगार ठरवून तो विश्वास डॉक्टरकडे आपोआप वळत नाही.

कायद्याने आखलेली रेषा

याच नागपुरात श्याम मानव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली. पुढे १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्य सुरू केले. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी दीड दशकाहून अधिक काळ रेंगाळली. मसुदे झाले, बदलले, मागे पडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर अवघ्या काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात कायदा संमत झाला. एका पाखंड्याच्या रक्ताची किंमत दिल्याशिवाय मांत्रिकाला आवर घालण्याचा कायदा होऊ नये, हा या महाराष्ट्राचा सर्वांत दुःखद ताळेबंद होय. हत्येच्या खटल्यात मे २०२४ मध्ये दोन हल्लेखोरांना जन्मठेप झाली आणि तिघे निर्दोष सुटले.

या कायद्याच्या नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध, एवढाच त्याचा विषय आहे. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये आहेत. भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधून मारणे, तथाकथित चमत्कार दाखवून फसविणे व पैसे उकळणे, गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे, एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, ही त्यांपैकी काही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. दुसरीकडे वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, पूजाअर्चा, दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन, ज्योतिष व वास्तुशास्त्राचा सल्ला, यांना कायद्याने स्पष्टपणे वगळले आहे.

या वगळण्यावर दोन्ही बाजूंनी टीका होते. धर्मावर घाला आला, असे काहीजण म्हणतात. कायदा दातपडका केला, असे दुसरे म्हणतात. पहिल्यांचे म्हणणे कायदा वाचल्यावर टिकत नाही. दुसऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य असले तरी त्यांनी एका धोक्याचा विचार करावा. कायद्याने विचाराला हात घालायचा की कृत्याला, हा येथे खरा प्रश्न आहे. युरोपने या बाबतीत जी चूक केली ती भयंकर होती. १४८४ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी चेटूक करणाऱ्यांविरुद्ध धर्मन्यायाधीशांना अधिकार देणारे फर्मान काढले, १४८७ च्या सुमारास चेटकिणींच्या छळाचा कुप्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि चेटूक हे पाखंडच होय असे ठरविले गेले. पाखंडी आणि चेटकीण एकाच चितेवर गेली. आपल्या शेजारी गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झालेले इन्क्विझिशन घराघरांतील आचार तपासत होते. विश्वास तपासण्याचा अधिकार एकदा राज्यसत्तेच्या हाती गेला की तो प्रथम दुर्बळाच्या आणि मग विवेकवाद्याच्या मानेवर येतो. म्हणून महाराष्ट्राच्या कायद्याने श्रद्धेला न शिवता इजा व फसवणूक यांवर बोट ठेवले, हे त्याचे बळ मानावयास हवे. बिहारने १९९९ मध्ये आणि कर्नाटकाने २०१७ मध्ये केलेल्या कायद्यांतही कृत्यांवरच रोख आहे.

अर्थात रेषा कागदावर आखणे वेगळे आणि ती रस्त्यावर राखणे वेगळे. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामचे धीरेंद्रकृष्ण शास्त्री यांची रामकथा झाली. अपरिचितांच्या मनातील गोष्टी ओळखण्याचा त्यांचा दावा सिद्ध करून दाखवावा आणि ३० लाख रुपये घ्यावेत, असे आव्हान श्याम मानव यांनी दिले व पोलिसांकडे तक्रारही केली. पोलिसांनी चित्रफिती तपासून या कायद्याखाली गुन्हा होत नाही असा निर्णय दिला. त्या निर्णयाची कायदेशीर चर्चा कायदेपंडितांनी करावी. परंतु त्या दिवसांत धमक्या आल्या त्या आव्हान देणाऱ्याला आणि पोलीस संरक्षण वाढवावे लागले तेही त्याचेच, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. प्रश्न विचारणारा आजही पाखंडीच ठरतो.

नियम नसलेली जादू

या संदर्भात एका परकीय खेळाचा दाखला उद्बोधक ठरेल. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. चार-सहाजण एकत्र बसून एका काल्पनिक जगातील पात्रे होतात. त्या जगात देव असतात, पंथ असतात, पाखंडी असतात आणि मांत्रिकही असतात. आपल्या शहरांतील तरुणही आता असे खेळ खेळतात. १९८० च्या दशकात तेथील काही धर्मनिष्ठ गटांनी या खेळाने मुले सैतानाच्या नादी लागतील अशी हाकाटी केली. परंतु त्या खेळातील जादू कशी असते? प्रत्येक मंत्राचे सामर्थ्य, त्याची मर्यादा, त्यासाठी द्यावी लागणारी किंमत, हे सारे पुस्तकात आधी छापलेले असते. फासे सर्वांच्या देखत पडतात. मंत्र फसला तर तो फसला असे सर्वजण मान्य करतात. आणि खेळ संपला की सगळे घरी जातात.

खऱ्या जगातील मांत्रिकाच्या जादूला यांपैकी एकही नियम नसतो. किंमत आधी कळत नाही, अपयश कधीच मोजले जात नाही. रोगी बरा झाला तर मंत्राचा गुण, दगावला तर रोग्याचे पाप किंवा शेजारणीची करणी. फसण्याची शक्यताच ज्याने आधी वगळली आहे त्या विद्येला विद्या म्हणता येत नाही. कल्पनेतील जादूचे भय बाळगण्याचे कारण नाही, कारण ती कल्पना आहे हे खेळणाऱ्याला ठाऊक असते. भय बाळगावे ते हिशेब न देणाऱ्या जादूचे.

यातून समाजाला एक साधी कसोटी हाती लागते. कोणी नवा विचार मांडला, जुन्या देवाला नाकारले, परंपरेला प्रश्न विचारला, तर त्याची किंमत कोण मोजतो ते पाहावे. तो स्वतः मोजत असेल तर त्याला बोलू द्यावे, मग त्याचे म्हणणे कितीही बोचरे असो. आणि कोणी दैवी सामर्थ्याचा दावा केला, तर त्याचीही किंमत कोण मोजतो ते पाहावे. ती रुग्ण मोजत असेल, विधवा मोजत असेल, तान्हे मूल मोजत असेल, तर तेथे श्रद्धेचा प्रश्नच उरत नाही. तेथे पोलीस ठाण्याचा प्रश्न सुरू होतो.

कायद्याने प्रत्येक भागासाठी दक्षता अधिकाऱ्याची तरतूद केली आहे. एटापल्ली, जिवती, चिखलदरा यांसारख्या तालुक्यांत हा अधिकारी कोण, हे गावकऱ्यांना माहीत असले पाहिजे. ‘अमकी करणी करते’ अशी कुजबूज सुरू होताच ती गुन्ह्याची पूर्वसूचना मानली गेली पाहिजे, कारण मारहाण आणि जाळपोळ ही कुजबुजीनंतर येते. त्या कुजबुजीच्या दिवशीच तलाठी, शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि पोलीस पाटील यांनी हस्तक्षेप केला तर जीव वाचू शकतात. गावातील मृत्यूचे कारण घरच्यांना त्यांच्या भाषेत, गोंडीत वा कोरकूत, समजावून सांगणे हे आरोग्यखात्याच्या कामाचेच अंग मानले गेले पाहिजे. कारण न सांगितलेला प्रत्येक मृत्यू मांत्रिकाचा ग्राहक निर्माण करतो.

रिद्धपूर, देहू, शेंडगाव, दीक्षाभूमी ही महाराष्ट्राची तीर्थे ज्यांच्यामुळे झाली ते सर्व आपापल्या काळी कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीने धर्मबाह्य वर्तनाचे अपराधी होते. त्यांची स्मारके उभारण्यात हा समाज कमी पडलेला नाही. कमी पडला आहे तो हयात असलेल्या पाखंड्याला सहन करण्यात आणि हयात असलेल्या मांत्रिकाला हिशेब विचारण्यात. मारबतीला वेशीबाहेर नेताना नागपूरकर दरवर्षी नव्या अनिष्टाचे नाव घेतात. ज्या दिवशी विदर्भातील प्रत्येक गाव आपल्या अरिष्टासाठी माणसाऐवजी पुतळा शोधील आणि पुतळ्याच्याही पुढे जाऊन कारण शोधील, त्या दिवशी बावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या शिलालेखातील औदार्य आणि परखडपणा या मातीत पुन्हा रुजले, असे म्हणता येईल.